परळचे राजकमल आणि ‘स्वतंत्र निर्माता’ नावाचे कोडे

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण गिरण्यांच्या भांडवलाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी आम्हांला जिन्यातच गाठले आणि विचारले, ‘सर, गिरणगावात गिरण्यांशिवाय काही उभंच राहिलं नाही का हो?’ प्रश्न रास्त होता. तेव्हा आज आपण परळच्याच, पण भोंगा नसलेल्या एका गिरणीविषयी बोलणार आहोत. एस. एस. राव रोडवरचे राजकमल कलामंदिर.

आम्ही परळच्या चाळीतच वाढलो. शाळा सुटली की राजकमलच्या फाटकाशी घुटमळायचे, आत घोडा गेला की हत्ती गेला यावर पैजा लावायच्या, आणि गुरख्याने हुसकावले की घरी यायचे, हा आमचा शिरस्ता होता. पुढे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले. मग या मास्तराला सिनेमाच्या धंद्यात काय कळते, असे कुणी विचारले तर उत्तर एवढेच, की या धंद्यात एक शब्द वापरतात आणि तो शब्द आमच्या खात्यातला आहे. ‘स्वतंत्र’. स्वतंत्र निर्माता, स्वतंत्र निर्मितीसंस्था. हा शब्द सिनेमात नेमका काय अर्थाने वापरतात, याचा आम्ही शोध घेऊ लागलो तेव्हा राजकमलपाशी येऊन अडलो.

आधी शब्दच पाहू. ‘तंत्र’ म्हणजे आज आपण कसब, पद्धत असे म्हणतो. पण संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ आहे माग, मागावरचा ताणा. ‘तन्’ म्हणजे ताणणे, त्यावरून. म्हणजे व्युत्पत्तीचा हात धरून गेले तर स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग स्वतःचा आहे तो. गिरणगावात उभे राहून हा अर्थ सांगताना आम्हांला जरा गंमत वाटते, कारण इथल्या लाखो हातांपैकी एकाचाही माग स्वतःचा नव्हता.

आता सिनेमाकडे वळू. आपल्याकडचा पहिला स्वतंत्र निर्माता कोण, तर अर्थातच दादासाहेब फाळके. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि दादरच्या मथुरा भवनात संसार आणि स्टुडिओ एकाच छपराखाली मांडला. फिल्मच्या कडेला भोके पाडायचे काम सरस्वतीबाईंकडे, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. इथे माग खरोखरच घरचा होता. पण घरच्या मागावर किती कापड निघणार? १९१८ साली भागीदार आले, नाशकात हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, पैसा आला, आणि थोड्याच वर्षांत फाळके भागीदारांशी न पटल्याने कंपनी सोडून काशीला गेले. पुढे परत आले, पण घडी पूर्वीसारखी बसली नाही. फाळक्यांची ही गोष्ट तुम्हां सर्वांना पाठ आहे, म्हणून लवकर आटोपली. मात्र तिच्यातला पेच लक्षात ठेवा. वाढायचे तर दुसऱ्याचा पैसा हवा, आणि पैशापाठोपाठ दुसऱ्याचे मतही घरात येते.

शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम, याच पेचाचे दुसरे टोक. जन्म १९०१ चा, कोल्हापूरकडचा. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी एका तरुण शेतकऱ्याचे काम केले आहे. त्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. परळ-लालबागच्या प्रत्येक खोलीत ज्याचा बाप वा आजा सापडेल असा हा माणूस. आणि ते काम करणारा नट सतरा वर्षांनी परळमध्येच येऊन, सावकाराच्या दारात न जाता सिनेमा काढायचा कसा, याची खटपट करणार होता.

त्याआधी प्रभात. १ जून १९२९ ला कोल्हापुरात विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम असे पाच जण एकत्र आले. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात गेली. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे शांतारामबापूंचे चित्रपट तिथलेच. पण प्रभातचे सर्वांत मोठे लेणे म्हणजे १९३६ चा ‘संत तुकाराम’, आणि त्याचे दिग्दर्शन बापूंचे नाही, दामले-फत्तेलाल यांचे आहे. हा मुद्दा आम्ही मुद्दाम सांगतो, त्याकडे पुन्हा यायचे आहे. ज्या संस्थेत पाच मालक असतात तिथे भांडणे होतात, पण सर्वांत नावाजलेल्या दिग्दर्शकाला जे सुचले नसते तेही तिथे घडू शकते.

१९४२ मध्ये मतभेद विकोपाला गेले आणि बापू प्रभातमधून बाहेर पडले. मुंबईत आले ते परळला. तिथे जागा होती लवजी कॅसलची, म्हणजे जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या वाडिया घराण्याच्या जुन्या वाड्याची. त्या आवारात जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंची वाडिया मूव्हिटोन १९३३ पासून चालू होती. ‘हंटरवाली’ नादिया तिथेच घोडे फेकत होती. यातले जमशेद वाडिया एम. ए. एलएल. बी., आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी. एकीकडे चाबूक फिरवणारी नादिया आणि दुसरीकडे रॉय यांचा मूलगामी मानवतावाद, हे एकाच माणसाच्या डोक्यात कसे नांदत असेल यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, पण आज नको. दोघे भाऊ वेगळे झाले, होमी वाडियांनी वेगळी चूल मांडली, आणि तो स्टुडिओ शांतारामबापूंच्या हाती आला. वडिलांचे नाव राजाराम, आईचे कमल. म्हणून राजकमल.

आता त्या आवारात काय होते ते नीट बघा, कारण सगळी मख्खी इथेच आहे. चित्रीकरणाचे मंच होते, ध्वनिमुद्रणाची सोय होती, संकलनाच्या खोल्या होत्या, सुतार, रंगारी, शिंपी, मेकअपवाले होते. संगीतकार वसंत देसाई, छायालेखक व्ही. अवधूत अशी पगारावरची माणसे होती. गिरणीत कशी कापसाची गासडी एका दाराने आत जाते आणि खात्याखात्यातून फिरून दुसऱ्या दाराने तागा बाहेर पडतो, तसा इथे गोष्टीचा कागद आत जायचा आणि फिल्मची रिळे बाहेर पडायची. पुढे बापूंनी दादरचे प्लाझा हे चित्रपटगृहही हाती घेतले. म्हणजे माग आपला, आणि कापड विकायचे दुकानही आपले.

वेळ मात्र कठीण निवडली होती. महायुद्ध चालू, कच्ची फिल्म बाहेरून यायची, तिच्यावर सरकारी नियंत्रण. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत बांधून दिलेली. एरवी लांबण लावणाऱ्या आपल्या चित्रपटांना ही सक्ती मानवली, असे आमचे प्रामाणिक मत आहे. १९४३ मध्ये राजकमलचा पहिला चित्रपट आला, ‘शकुंतला’. जयश्री आणि चंद्रमोहन. मुंबईत तो १०४ आठवडे चालला, आणि पुढे १९४७ मध्ये न्यूयॉर्कला लागला. अमेरिकेत व्यावसायिक रीतीने दाखवला गेलेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. बाजारात भलताच महाग झालेला पैसा न घेता पुढची वर्षे काढता येतील एवढे बळ या एका चित्रपटाने दिले. कंपनी उभी राहिली ती अशी. कालिदासाच्या पुण्याईवर म्हणा हवे तर.

युद्धकाळात सरकारची आणखी एक अट होती. परवाना हवा तर युद्धप्रयत्नाला मदत करणारे चित्रपटही काढा. बापूंनी त्या चौकटीत काय बसवले? १९४६ चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे कथानक. जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनची बाजू, म्हणजे सरकारच्या अटीत अक्षरशः बसणारा विषय. पण नायक कोण, तर काँग्रेसने पाठवलेला मराठी डॉक्टर. सरकारी अर्जावर स्वतःची कविता लिहिण्यासारखा हा प्रकार. भाड्याचा स्टुडिओ आणि उसनी रक्कम असती तर हा डाव टाकायला कोण धजला असता, आम्हांला ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी ‘लोकशाहीर रामजोशी’. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांचे लेखन. आणि दिग्दर्शनाला बाबुराव पेंटर! शिष्याने आपल्या कंपनीत गुरूला बोलावले. सुरुवातीच्या वर्षांत केशवराव दाते यांच्याकडेही बापूंनी दिग्दर्शन सोपवले होते. म्हणजे प्रभातची ती सवय, की एका घरात अनेकांनी चित्रपट करायचे, ती अजून पुरती सुटलेली नव्हती.

आता त्या शब्दाकडे येऊ. १९४९ मध्ये केंद्र सरकारने एक चित्रपट चौकशी समिती नेमली. अध्यक्ष आपले स. का. पाटील. सभासदांत दोन निर्माते, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार आणि व्ही. शांताराम. १९५१ च्या त्यांच्या अहवालात एका नव्या प्राण्याची चिंता आहे, आणि त्या प्राण्याचे नाव ‘स्वतंत्र निर्माता’! युद्धात काळा पैसा सुटला होता, तो कुठेतरी मुरवायचा होता. चार पैसे हाती आले की माणूस निर्माता व्हायचा. स्टुडिओ भाड्याचा, कॅमेरा भाड्याचा. एक मोठा नट पकडायचा, त्याच्या नावावर वितरकाकडून आगाऊ रक्कम उचलायची, कमी पडली तर सावकाराकडून जबर व्याजाने आणायची. चित्रपट पडला की कंपनी बंद. आणि जुने स्टुडिओ, ज्यांना दर महिन्याला शेकडो पगार करायचे होते, ते या स्पर्धेत एकेक करून खचले. प्रभात पन्नाशीच्या दशकात संपली, बॉम्बे टॉकीज संपली, न्यू थिएटर्स संपली.

गंमत बघा. ज्याचा स्वतःचा एक खिळाही नाही, जो नटाच्या तारखांना, वितरकाच्या लहरीला आणि सावकाराच्या व्याजाला बांधलेला आहे, त्याला धंदा म्हणतो ‘स्वतंत्र’. आणि ज्याचे सगळे आपले आहे, त्या राजकमलला म्हणतो जुन्या वळणाचा स्टुडिओ! हे आम्हांला प्रथम कळले तेव्हा वाटले, हा निव्वळ भाषेचा घोटाळा आहे. आता तसे वाटत नाही. धंद्याच्या दृष्टीने स्वतंत्र म्हणजे मोकळा, ज्याच्या गळ्यात पगारांचे लोढणे नाही तो. आपल्या व्युत्पत्तीप्रमाणे स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग आहे तो. दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि पंचाईत अशी की दोन्ही एकदम मिळत नाहीत. माग असला की तो रोज चालवावा लागतो. सूत नसले तरी.

याच समितीने चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ आणि चित्रपट शिकवणारी संस्था असावी अशी शिफारस केली. दोन्ही १९६० मध्ये झाल्या. शिकवणारी संस्था कुठे आली, तर पुण्याला, प्रभातच्या रिकाम्या आवारात. म्हणजे बापूंनी सही केलेल्या अहवालातली शाळा त्यांनीच सोडलेल्या स्टुडिओत भरली.

राजकमलने मात्र तग धरला. नट विकत घ्यायचे नाहीत, घडवायचे, हा एक मार्ग होता. संध्या १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त आल्या. त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा कान महोत्सवात गौरव झाला, हे परळच्या कारागिरांचे श्रेय. पुढे गिरगावच्या चाळीतला एक पोरगा, ज्याच्या वडिलांचा खोट्या दागिन्यांचा धंदा होता आणि जो स्टुडिओत दागिने पोचवायला यायचा, तो १९६४ मध्ये ‘गीत गाया पत्थरों ने’चा नायक झाला. जितेंद्र. स्टारच्या दारात उभे राहण्यापेक्षा दारात आलेल्याला उभे करायचे, हे स्वस्तही पडते आणि स्वाभिमानाचेही असते.

१९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’. टेक्निकलरमध्ये. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या वेळी बापूंनी जर्मनीत जाऊन रंगाचा प्रयोग केला होता आणि तो फसला होता. बावीस वर्षांनी त्या हट्टाची भरपाई झाली. चित्रपट प्रचंड चालला. मात्र टेक्निकलरची प्रक्रिया करायला फिल्म लंडनला पाठवावी लागे. माग परळचा, पण रंग विलायतेत चढवायचा. संपूर्ण स्वावलंबन अशी काही गोष्ट उद्योगात नसते, हेही इथे नोंदवून ठेवू.

आता कसोटी. रंगाने तिजोरी भरली आहे. धंदा सांगतो, पुन्हा रंग, पुन्हा नाच. बापूंनी १९५७ मध्ये काढला ‘दो आँखें बारह हाथ’. काळापांढरा, एक जेलर, सहा खुनी कैदी, उजाड माळ. गदिमांच्या या कथेचे मूळ आटपाडीजवळच्या एका खऱ्या प्रयोगात आहे. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांच्या पुढाकाराने, कैद्यांची मोकळी वसाहत झाली. तिचे नाव माहीत आहे? स्वतंत्रपूर. आम्ही ओढूनताणून जुळवत नाही आहोत, गावच त्या नावाचे आहे, आजही आहे.

त्या चित्रपटात कैदी माळ फोडून भाजी पिकवतात, इथवर सर्वांना आठवते. पण पुढचा भाग विसरला जातो. ती भाजी ते बाजारात रास्त भावाने विकायला नेतात आणि व्यापारी त्यांना मारतात. शेत आपले झाले, पीक आपले झाले, तरी बाजार दुसऱ्याचाच. प्रत्येक लहान निर्मात्याची हीच कहाणी आहे. बापूंनी ती ठरवून घातली असेल असे आम्ही म्हणत नाही, पण पंधरा वर्षे वितरणाशी झुंजलेल्या माणसाच्या हातून ती आली आहे. बैलाबरोबरच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले. आमच्या मते राजकमल ज्यासाठी उभे राहिले ते काम या चित्रपटाने पुरे केले. माग स्वतःचा असला की काय विणता येते, त्याचा हा पुरावा.

मग पुढे काय झाले? इथे आम्हांला थोडे कडू बोलावे लागेल. बापूंवर आमचे प्रेम आहे, पण साठीच्या दशकातले चित्रपट आज लावा आणि शेवटपर्यंत बघून दाखवा. रंग भडक होत गेले, शब्द मोठे होत गेले, नायिकेच्या डोक्यावर घागरी चढत गेल्या. ‘इये मराठीचिये नगरी’ लोकांनी नाकारला. हे वयाने झाले असे म्हणणे सोपे आहे, पण आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. प्रभातमध्ये नको म्हणणारे चौघे होते. राजकमलमध्ये नको म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? नोकराला नसतो, कलाकाराला नसतो, घरच्यांनाही फारसा नसतो. सावकाराच्या पाशातून सुटलेला माणूस स्वतःच्या आवडीच्या पाशात सापडू शकतो. तुम्ही म्हणाल, हा मास्तरकीचा शेरा झाला. असेल. पण ‘संत तुकाराम’ राजकमलमध्ये झाला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

न्यायाने सांगायचे तर एकदा राख झटकून निखारा वर आला. १९७२ चा ‘पिंजरा’. आम्ही तेव्हा एम. ए. करत होतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर तमाशाच्या फडात उभा राहतो तेव्हा चित्रपटगृहात कशी शांतता पसरायची, ते आम्ही पाहिले आहे. गिरणीची पाळी सुटल्यावर थेट आलेली माणसे शेजारी बसलेली असायची, कपड्यांवर कापसाचे कण. आदर्शाच्या पुतळ्याखाली दबून मेलेला माणूस हा विषय बापूंनी सत्तरीत हाताळला. आयुष्यभर आदर्श मास्तर रंगवून झाल्यावर!

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही आजचा विषय घेतला. माग चालू ठेवायचा तर दुसऱ्याचे सूत घ्यावे लागते. स्वतःचे चित्रपट विरळ झाले तसे राजकमलचे मंच आणि विशेषतः ध्वनीची खोली बाहेरच्यांना भाड्याने दिली जाऊ लागली. त्या खोलीत मंगेश देसाई बसायचे. संवाद, संगीत, पावलांचे आवाज, वारा हे सगळे वेगवेगळ्या पट्ट्यांवरून एका पट्टीवर आणणे, कुठे काय दाबायचे आणि कुठे काय उचलायचे, हे त्यांचे काम. पडद्यावर त्यांचे नाव एखादा क्षण दिसायचे. ‘शोले’च्या आवाजाची जुळणी त्यांनी केली. ‘शतरंज के खिलाड़ी’ची त्यांनीच. सत्यजित राय यांच्यासारखा, कुणाच्या कामावर सहजी विसंबून न राहणारा माणूस कलकत्त्याहून मंगेशरावांकडे यायचा. त्या दशकातली समांतर सिनेमाची मंडळी, ज्यांच्या खिशात महामंडळाचे तुटपुंजे कर्ज आणि डोक्यात भरपूर विचार, म्हणजे आता शब्दशः स्वतंत्र निर्माते, त्यांतलेही अनेक याच खोलीत येऊन गेले. पूर्वी ज्यांच्यामुळे स्टुडिओ मोडले त्यांचेच हे नवे भाऊबंद, आणि त्यांच्या चित्रपटांना आवाज मिळायला उरलेल्या एका स्टुडिओची खोली लागत होती.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या भागातले भोंगे एकेक करून गप्प झाले. त्या दिवसांत एस. एस. राव रोडवरून संध्याकाळी चालताना राजकमलच्या फाटकाशी गाड्या उभ्या असायच्या. आमच्या चाळीतला एक साचेवाला, तेव्हा घरी बसलेला, आम्हांला म्हणाला होता, ‘सर, परळात सध्या एवढंच एक खातं चालू आहे बघा.’

वेळ संपत आली. चिठ्ठ्या आल्या असतील तर पुढे पाठवा. आणि त्या जिन्यातल्या बाई आज आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.